पहिला ई-रीडर घेण्याआधी स्वतःचं वाचन मोजा

एक कोरा कागद घ्या आणि पट्टी लावून त्यात ९१ मिलिमीटर रुंद, १२२ मिलिमीटर उंच अशी खिडकी कापा. ई-रीडर म्हणजे फक्त वाचण्यासाठी बनवलेलं यंत्र, आणि सहा इंची ई-रीडरची स्क्रीन साधारण एवढीच असते. स्क्रीनचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे आकडा ऐकून वाटतं त्यापेक्षा ती लहान निघते. आता ही खिडकी एखाद्या कादंबरीच्या उघड्या पानावर ठेवा. पानावरचा निम्म्याहून अधिक मजकूर खिडकीत येतो. मग तीच खिडकी ए-फोर कागदावर छापलेल्या एखाद्या अहवालावर नाहीतर शोधनिबंधावर ठेवा. ओळ मध्येच तुटते, आणि तक्ता असेल तर त्याचे एक-दोन रकानेच दिसतात.

पहिला ई-रीडर घेताना फसगत होते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या पानापाशी. माझीही झाली होती. अभ्यासाचे पीडीएफ वाचायचे म्हणून हौसेनं सहा इंची घेतला, आठवडाभर पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसले आणि शेवटी पुन्हा प्रिंट काढायला लागले. यंत्रात काही खोट नव्हती. त्याच यंत्रावर पुढे मी कितीतरी कथा-कादंबऱ्या वाचल्या, अजूनही वाचते. ज्या कामासाठी घेतलं होतं, ते काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतं एवढंच.

म्हणून कुणी ‘कोणता घेऊ?’ विचारलं की मी आधी पंधरा दिवसांची नोंद ठेवायला सांगते. काय वाचलं, ते कुठून आलं, कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये होतं आणि एका बैठकीत किती वेळ वाचलं. एवढे चारच रकाने पुरतात. ‘मी पुस्तकं वाचतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाच्या नोंदीत ग्रुपवर आलेले पीडीएफ, ऑफिसची टिपणं, लांबलचक वेबलेख आणि अधूनमधून एखादी कादंबरी असं निघतं. सगळ्यांची सोय सारखीच उत्तम करणारं एक यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. तेव्हा माझा सल्ला असा, की ज्या प्रकारचं वाचन तुम्ही सलग अर्धा-एक तास करता, त्याच्यासाठी ई-रीडर घ्या. पाच-पाच मिनिटांचं वाचन फोनवरच राहू द्या, तिथे ते बरं चालतं.

ही स्क्रीन वेगळी का

ई-रीडरची स्क्रीन बहुधा ई-इंक या कंपनीची असते. ही कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून उभी राहिली. तिच्या स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे नि काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलटा. खालून विजेचा दाब उलटसुलट केला की कधी पांढरे कण वर येतात, कधी काळे. अशा ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं. ते प्रत्यक्ष रंगकणांनी बनलेलं असतं, आणि आपण ते कागदासारखंच, बाहेरून पडलेल्या उजेडात पाहतो. भर उन्हात फोनची स्क्रीन काळवंडते तिथे ही जास्त स्पष्ट दिसते ती त्यामुळेच.

कण एकदा वर आले की वीज बंद केली तरी तिथेच राहतात. वीज लागते ती पान बदलताना. बॅटरी आठवड्यांच्या हिशेबात मोजायची पद्धत इथूनच आली. मात्र तो हिशेब नीट वाचा. ‘सहा आठवडे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असं धरलेलं असतं. म्हणजे प्रत्यक्षात एकवीस तासांचं वाचन. रोज दोन तास वाचणाऱ्याला दहा-अकरा दिवसांनी चार्जिंग करावं लागेल. तेही पुष्कळच आहे, पण मनात सहा आठवडे धरून बसू नये.

कणांना हलायला वेळ लागतो, हा याच गोष्टीचा तोटा. पान उलटताना क्षणभर लुकलुक होते, कधी मागच्या पानाची पुसट सावली राहते. एकेक पान उलटत वाचायला हे अजिबात आड येत नाही. बोटानं सरसर खाली ओढत वाचायचं म्हटलं की स्क्रीन मागे पडते, आणि व्हिडिओचा विचारही करू नये. इंटरनेट उघडता येतं म्हणून कुणी ई-रीडरला टॅब्लेटच्या जागी घेणार असेल, तर त्यानं तो बेत सोडावा.

रात्री वाचायला फ्रंटलाइट हवाच. फोनमध्ये दिवे स्क्रीनच्या मागे असतात आणि उजेड थेट डोळ्यांकडे येतो. ई-रीडरमध्ये छोटे दिवे कडेला असतात, आणि एका पातळ पारदर्शक थरातून त्यांचा उजेड अक्षरांवर पसरतो, टेबललॅम्पचा पुस्तकावर पडावा तसा. काही मॉडेलमध्ये हा उजेड पिवळसर करता येतो. झोपताना तास-तासभर वाचणाऱ्यांनी ही सोय पाहून घ्यावी, माझ्या डोळ्यांना तिचा फार आराम वाटतो. दिवसाउजेडी वाचणाऱ्याला तिच्यावाचून काही अडत नाही.

स्क्रीनची सूक्ष्मता एका इंचात किती ठिपके यावर मोजतात. हल्लीच्या बहुतेक साध्या मॉडेलांतही ते ३०० असतात. जुन्या यंत्रांत १६७ किंवा २१२ असायचे, आणि वापरलेलं यंत्र घेताना हा आकडा जरूर विचारा. रोमन अक्षरं १६७ वर निभावतात. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, पोटात जोडाक्षराची गाठ, आणि हे सगळं एका ओळीच्या उंचीत. ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘राष्ट्र’ हे शब्द कमी ठिपक्यांत लहान आकारात पाहिले की द, ध, व किंवा ष, ट, र यांचा एकच काळा डाग झालेला दिसतो.

रंगीत स्क्रीनबद्दल हल्ली फार विचारलं जातं. सध्याच्या बऱ्याचशा रंगीत ई-रीडरमध्ये ‘कॅलिडो ३’ ही स्क्रीन असते. तिच्यात काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवरच रंगांची जाळी बसवलेली असते. काळा-पांढरा मजकूर ३०० ठिपक्यांत दिसतो, रंगीत भाग १५० मध्ये. जाळी थोडा उजेड खाते, म्हणून पानाचा पांढरेपणा मळकट होतो आणि दिवा जास्त वेळा लावावा लागतो. कॉमिक्स, नकाशे, रंगीत आकृत्यांची पाठ्यपुस्तकं तुमच्या नोंदवहीत वारंवार येत असतील तर रंगीत घ्या. केवळ मुखपृष्ठं छान दिसावीत एवढ्यासाठी मी पानाचा पांढरेपणा घालवणार नाही.

वाहत्या फाइली आणि गोठलेल्या फाइली

ई-पुस्तकांच्या फाइलींची नावं ढीगभर आहेत, पण जाती मुख्यतः दोनच. पहिली वाहती. ईपब ही तिच्यातली सगळ्यांत प्रचलित. तिचं प्रमाण २००७ मध्ये ठरलं, तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. ईपब म्हणजे खरं तर एका पिशवीत बांधलेली वेबपानं. कुलूप नसलेल्या, म्हणजे विकणाऱ्या कंपनीनं बंदिस्त न केलेल्या, एखाद्या ईपब फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि कॉम्प्युटरवर उघडा, आत प्रकरणांच्या फाइली, चित्रं आणि फॉन्ट वेगवेगळे दिसतील. अशा फाइलीत पान असं आधीपासून ठरलेलं नसतं. स्क्रीन केवढी, अक्षर केवढं, समास किती, हे पाहून ई-रीडर त्या क्षणी पान रचतो. तांब्यातलं पाणी वाटीत ओतावं तसा मजकूर नव्या आकारात बसतो.

दुसरी जात गोठलेली, म्हणजे पीडीएफ. कोणतं अक्षर कागदावर नेमकं कुठे पडेल हे तिच्यात आधीच पक्कं केलेलं असतं. छपाईसाठी हा गुण आहे. लहान स्क्रीनवर त्याचाच जाच होतो, कारण अक्षर मोठं करायचं म्हणजे सबंध पान मोठं करायचं.

आता पुन्हा पट्टी काढू. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. ते ९१ मिलिमीटरच्या स्क्रीनवर बसवलं की बारा पॉइंटचं अक्षर (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) जेमतेम पाच पॉइंटचं उरतं. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचावा तसं. कडेचे कोरे समास कापायची सोय बऱ्याच ई-रीडरमध्ये असते. ती वापरली तर मजकुराची रुंदी १६० मिलिमीटरच्या आसपास येते आणि अक्षर सात पॉइंटपर्यंत जातं. शिवाय यंत्र आडवं धरलं तर नऊ. नऊ पॉइंट वाचता येतात, पण एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं. अधूनमधून येणाऱ्या पीडीएफसाठी ही युक्ती पुरते. ७.८ इंची यंत्र असंच आडवं धरलं, तर अक्षर जवळजवळ मूळ आकाराचं दिसतं. आणि १०.३ इंची यंत्रावर समास कापून अख्खं पान उभं बसवलं, तरी अक्षर दहा पॉइंटच्या आसपास राहतं. रोज शोधनिबंध किंवा कोर्टाची कागदपत्रं वाचणाऱ्यांनी मोठ्या स्क्रीनच्या खर्चाला कचरू नये असं मी म्हणते ते या हिशेबावर.

‘पीडीएफचं ईपब करून घेऊ’ हा पुढचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. साधा, एका रकान्यातला मजकूर असेल तर ते बऱ्यापैकी जमतं. दोन रकाने, तक्ते, तळटीपा, गणितं असली की सगळी खिचडी होते. पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर फाइलीत अक्षरं नसतातच, नुसती छायाचित्रं असतात.

मराठी पीडीएफमध्ये आणखी एक मेख आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना कॉम्प्युटरवर ठरलेली जागा देणारी पद्धत, रुळण्याआधीचे जे फॉन्ट होते, त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट पीडीएफच्या पोटातच असतो, म्हणून डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं. पण त्यातलं एक वाक्य निवडून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडतो. अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, आणि ईपब केलं तर तोच कचरा पानोपानी उमटतो. तेव्हा तुमच्या संग्रहातल्या चार-पाच मराठी पीडीएफवर ही चाचणी आजच करून पाहा. कचरा निघाला, तर त्या फाइलींसाठी मोठी स्क्रीन किंवा चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर हेच मार्ग उरतात. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. मात्र त्यातून निघालेला मजकूर एकदा बसून तपासावा लागतो.

देवनागरीची परीक्षा

जाहिरातीत भाषांची यादी असते, पण मराठी नुसती ‘दिसणं’ आणि नीट दिसणं यांत फरक आहे. मी नव्या यंत्रावर तीन-चार शब्दांची एक छोटी फाइल टाकून पाहते. ‘हिमालय’, कारण जुनाट सॉफ्टवेअर पहिली वेलांटी ह-च्या आधी न काढता पुढच्या अक्षराला चिकटवतं. ‘दुसऱ्या’, कारण हा र मराठीचा खास. तो नीट जमला नाही की र-चा रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो, किंवा पाय मोडलेला र तसाच उभा राहतो. ‘ॲप’, कारण ॲ हे एकत्रित अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, आणि त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. आणि ‘लवकर शीक’, ल आणि श पाहण्यासाठी.

या शेवटच्या दोन अक्षरांवर मी जरा अडून बसते. मराठीतला ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये दोन्ही वेगळे दिसतात. वाचता येतात, पण दोनशे पानं वाचताना डोळा दर ओळीत ठेचकाळतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, आणि पुस्तकाची भाषा कोणती नोंदवली आहे ते पाहून यंत्र योग्य रूप निवडू शकतं. घरगुती तयार केलेल्या मराठी ईपबमध्ये भाषेच्या जागी सर्रास इंग्रजी लिहिलेलं आढळतं. ‘कॅलिबर’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक उघडून भाषेच्या रकान्यात मराठी भरली की कधीकधी सगळं पान सुधारतं, कारण अनेक ई-रीडर फॉन्ट, शब्दकोश आणि शब्द तोडण्याचे नियम या नोंदीवरून ठरवतात. किंडल, कोबो वगैरे यंत्रांत ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपल्या आवडीचा फॉन्ट टाकण्याची सोयही आहे.

अजून एक छोटी गोष्ट. मराठी शब्द लांब, त्यामुळे दोन्ही कडा सरळ ठेवल्या की शब्दांमध्ये मोठाली भगदाडं पडतात. ओळी फक्त डावीकडून सरळ ठेवण्याचा पर्याय शोधा. माझी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी अक्षर इतकं मोठं करून वाचायची, की सहा इंची स्क्रीनवर ओळीत तीनच शब्द मावत. डाव्या कडेची ओळ केली, समास कमी केले आणि नंतर सात इंची यंत्र दिलं, तेव्हा ओळीत पाच शब्द आले आणि तिचं वाचन पुन्हा वेगात सुरू झालं. जाडजूड पुस्तक हातात धरवेनासं झालेल्या माणसाला वजनही महत्त्वाचं. सहा इंची यंत्रं साधारण १६० ते १७५ ग्रॅमची असतात, दहा इंची चारशेच्या आसपास.

कोणाच्या घरात राहायचं

ई-रीडर घेताना आपण त्याच्या कंपनीच्या दुकानाशीही सोयरीक जोडतो. ॲमेझॉनचं किंडल २००७ मध्ये आलं. त्याचं दुकान मोठं आणि वापर अतिशय सोपा. पण किंडल ईपब थेट उघडत नाही. २०२२ पासून ईपब कंपनीच्या सेवेकडे पाठवलं, की ते आपल्या प्रकारात बदलून यंत्रावर येतं. कोबो ही २००९ मध्ये कॅनडात सुरू झालेली कंपनी, आता जपानी राकुतेनच्या मालकीची. तिची यंत्रं ईपब जसंच्या तसं उघडतात. पॉकेटबुक वीसहून अधिक प्रकारच्या फाइली चालवतं, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मिश्र संग्रह साठलाय त्यांच्या ते सोयीचं. ऑनिक्स बूक्सच्या यंत्रांत अँड्रॉइड असतं, म्हणजे जवळजवळ कोणतंही वाचनाचं ॲप टाकता येतं. अनेक दुकानांतून पुस्तकं घेणाऱ्याला हा मोठा फायदा. बदल्यात बॅटरी लवकर उतरते, सेटिंगमध्ये डोकं घालावं लागतं, आणि फोनसाठी बनवलेली ॲप या स्क्रीनवर अडखळतात. ज्याला यंत्राशी खेळायला आवडतं त्यानंच पहिला ई-रीडर म्हणून हा पर्याय घ्यावा.

विकत घेतलेल्या बऱ्याच ई-पुस्तकांवर डीआरएम नावाचं कुलूप असतं. किल्ली कंपनीकडे. किंडलचं पुस्तक कोबोवर उघडत नाही, कोबोचं किंडलवर नाही. या कुलपाचा अर्थ काय होतो ते घडलेल्या गोष्टींवरून पाहा. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या वादातून दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकं उघडणंच थांबलं. तिथेही पैसे परत मिळाले. वाचताना केलेल्या खुणा परत मिळवायचा उपाय कुणाकडे नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं आपल्या वेबसाइटवरून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं यंत्रात टाकण्याची सोय काढली.

हे सांगून मला कुणाला घाबरवायचं नाही, मी स्वतः कुलूपबंद पुस्तकं घेते. पण जे पुस्तक मला म्हातारपणीही हवं आहे, ते विनाकुलूप मिळत असेल तर तिथूनच घेते, आणि त्याची प्रत कॉम्प्युटरवर ठेवते. ती जपायला कॅलिबर आहेच. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण त्यांच्या सोनी ई-रीडरचं सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरच्या लिनक्स या प्रणालीवर चालत नव्हतं. आज ते संग्रह लावून ठेवतं, फाइलींचे प्रकार बदलतं, केबल लावली की पुस्तक यंत्रात पाठवतं. कुलूप मात्र ते काढत नाही. हक्कमुक्त पुस्तकांसाठी १९७१ पासून चालू असलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह आहे, आणि मराठीसाठी विकिस्रोत, जिथली पुस्तकं ईपबमध्ये उतरवून घेता येतात.

उरलेल्या नोंदी

वेबवरचे लांब लेख वाचणाऱ्यांनी ते ई-रीडरवर कसे पोचतील हे आधी पाहावं. किंडलला ब्राउझरमधून लेख पाठवता येतात. कोबोवर वर्षानुवर्षं त्यासाठी पॉकेट ही लेख साठवून ठेवणारी सेवा होती. ती ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि तिची जागा इन्स्टापेपरनं घेतली. अशा सेवा येतात-जातात, तेव्हा केवळ एका सेवेवर भिस्त ठेवून यंत्र निवडू नका.

डिजिटल वाचनालयाचे सभासद असाल तर ते वाचनालय कोणती सेवा वापरतं हे विचारा. ओव्हरड्राइव्ह असेल तर कोबोच्या अनेक यंत्रांवर पुस्तकं तिथल्या तिथे उसनी घेता येतात. किंडलवर ही सोय फक्त अमेरिकेतल्या वाचनालयांपुरती आहे. ॲडोबी कंपनीच्या कुलपाची उसनी पुस्तकं कोबो आणि पॉकेटबुकवर चालतात, किंडलवर नाही.

पेननं लिहिण्याची सोय असलेली मोठी यंत्रं मोहात पाडतात. पीडीएफच्या समासात खुणा करणं हे तुमचं रोजचं काम असेल, तर ती सोय सोन्यासारखी आहे. मात्र लिहिलेलं बाहेर कसं काढायचं, नुसतं चित्र मिळतं की खुणांसकट पीडीएफ, हे घेण्याआधी विचारा. कथा-कादंबऱ्यांच्या वाचकाला पेन बहुधा दोन आठवड्यांत कंटाळवाणं होतं.

साठवणीची चिंता पुस्तकवाल्यांनी करू नये. साधं पुस्तक एक-दोन एमबीचं, १६ जीबीत हजारो मावतात. कॉमिक्सचा एकेक अंक शंभर एमबीचा असू शकतो आणि बोलकं पुस्तक (ऑडिओबुक) तासाला तीसेक एमबी घेतं. त्यांच्या नोंदी जास्त असतील तरच ३२ जीबीकडे वळा. बोलक्या पुस्तकांना ब्लूटूथही लागतं, कारण बहुतेक ई-रीडरना स्पीकर नसतो. आयपीएक्स८ ही पाण्यापासून बचावाची खूण लिहिलेलं यंत्र साधारणपणे दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर तगतं. नळाखाली धरायची परवानगी म्हणून ते वाचू नका. पान उलटायची बटणं दिसायला क्षुल्लक, पण एका हातानं, आडवं पडून वाचणाऱ्याला त्यांची किंमत कळते. आणि यंत्रासाठी कव्हर नक्की घ्या. बहुतेक ई-इंक स्क्रीनच्या आत काच असते, ती पिशवीत वाकली की तडकते, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

वापरलेलं यंत्र घ्यायला काहीच हरकत नाही, पहिल्यासाठी तर मी ते सुचवतेसुद्धा. तीन गोष्टी तपासा. आधीच्या मालकानं ते आपल्या खात्यातून काढलं आहे का. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं पान आणल्यावर एखादी न हलणारी रेघ दिसते का. आणि कंपनीचं दुकान त्या मॉडेलवर अजून उघडतं का.

नवं घेतलंत तर परत देण्याची मुदत विचारून घ्या आणि पहिल्या संध्याकाळीच त्यावर स्वतःच्या तीन फाइली टाका. विकिस्रोतावरचं एक मराठी ईपब, नोंदवहीतला सगळ्यांत किचकट पीडीएफ, आणि एक लांब वेबलेख. प्रत्येकी वीस पानं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात वाचा. दुकानात मांडलेल्या यंत्रावर दाखवायला निवडलेलं सुबक पुस्तक असतं. तुमचा पीडीएफ तिथे नसतो. पीडीएफच्या दहाव्या पानावर हात अजून बोटांनी मजकूर मोठा-लहान करत असेल, तर मुदत संपायच्या आत यंत्र परत करा आणि एक आकार वरचा मागवा.